चौथ्याची टॉर्च

डिसेंबरातल्या वीकएण्डला कुठे चाललीस, या प्रश्नाला ‘बीड’ असं उत्तर दिलं की पुण्यात समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. गोवा म्हटलं असतं तर ‘सही!’, महाबळेश्वर म्हटलं असतं तर ‘स्ट्रॉबेरी आण हं’. बीड म्हटल्यावर थेट आवाज खाली आणून, ‘कुणी आजारी आहे का गं?’

नाही बाबा, सगळे ठणठणीत आहेत. मी चालले होते भुतं शोधायला. आणि हो, त्याचे पैसेही मिळतात.

घाबरू नका. भुतं कॉम्प्युटरमधली आणि पैसेही तिथलेच. ‘फॅस्मोफोबिया’ नावाचा एक गेम आहे. काइनेटिक गेम्स नावाच्या ब्रिटिश कंपनीने तो १८ सप्टेंबर २०२० ला स्टीमवर आणला. सगळं जग तेव्हा घरात कोंडलेलं होतं आणि बंद घरात फिरणाऱ्या भुतांचा गेम धडाधड खपला. एकावेळी जास्तीत जास्त चार जण खेळू शकतात. चौघांनी एका व्हॅनमधून झपाटलेल्या घरापाशी जायचं, आत शिरायचं, कुठल्या जातीचं भूत आहे ते ओळखायचं, परत व्हॅनमध्ये बसायचं आणि मानधन घ्यायचं. भुताला पकडायचं नाही, मारायचंही नाही. ओळखायचं आणि निघायचं. आमच्यासारख्या फ्रीलान्सर लोकांना हा जॉब प्रोफाइल फारच ओळखीचा वाटतो.

माझा बीडचा मामेभाऊ या गेमचा पक्का भक्त. दिवसा अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी, रात्री माडीवरच्या खोलीत भुतं. नोव्हेंबरच्या शेवटी त्याचा फोन आला. ‘ताई, चौथा माणूस कमी पडायलाय. येतीस का?’

माझा लॅपटॉप लेख टाइप करण्यापलीकडे काही झेपवत नाही. पण मामाच्या माडीवर दोन असेम्बल्ड कॉम्प्युटर आहेत आणि त्यातली एक खुर्ची दिवाळीपासून रिकामी आहे, असं कळलं. मामीच्या हातची येसर आमटी तीन वर्षांत खाल्ली नव्हती. आणि बीडला आता चक्क रेल्वे जाते! निघाले.

झुकझुक झुकझुक बीडगाडी

बीडच्या रेल्वेची गोष्ट ही स्वतःच एक भूतकथा आहे. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग मंजूर झाला १९९५ च्या सुमारास. म्हणजे मी जन्मायच्या आधी! त्यानंतर प्रत्येक निवडणुकीत ती गाडी दिसायची आणि निकाल लागला की गायब व्हायची. २०२२ च्या सप्टेंबरात ती आष्टीपर्यंत पोचली. आणि १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा मुहूर्त साधून, बीड आणि अहिल्यानगरच्या मध्ये पहिली पॅसेंजर धावली. त्या दिवशी मामा स्टेशनवर नुसती गाडी बघायला गेला होता. बसला नाही. ‘आधी बघू तर दे खरी आहे का,’ म्हणाला.

गाडी खरी आहे. वेगाच्या बाबतीत ती घाईत नाही एवढंच. सकाळी नगरला बसलं की बीडला पोचेपर्यंत जेवायची वेळ होते. आष्टी, अंमळनेर, विघनवाडी, रायमोह. खिडकीतून बालाघाटाचे बुटके, तपकिरी डोंगर, मध्येच हरभऱ्याचा हिरवा तुकडा, तुरीचं पिवळं शेत. आणि एक गोष्ट सारखी डोळ्यांत येत होती. वस्त्यांवरच्या कितीतरी घरांच्या दाराला कुलूप. अंगणात एखादी म्हातारी, दोन नातवंडं, बास.

झपाटलेल्या घरांचा गेम खेळायला निघालेल्या मला ती बंद घरं बघून आधी जरा थ्रिलच वाटलं. डोक्यात प्रकाश पडायला दोन दिवस लागले.

व्हॅनमध्ये चौघं

पहिल्या रात्री जेवणं झाल्यावर माडीवर बैठक बसली. मामेभाऊ एका कॉम्प्युटरवर, मी दुसऱ्यावर, त्याचे दोन मित्र आपापल्या घरून ऑनलाइन. माझ्या खुर्चीच्या पाठीला एक मफलर बांधलेला होता. चौथ्याचा. चौथा म्हणजे मामेभावाचा बारावीपासूनचा मित्र, धारूर तालुक्यातला. बीडला खोली करून राहायचा, पोलिसभरतीची तयारी करायचा. दिवाळीनंतर गेला.

‘कुठे गेला?’

‘तोडीला.’

वडलांची पाठ गेली, म्हणून यंदा आईबरोबर तो गेला. जाताना निरोप ठेवून गेला होता, ‘ताई आल्या तर माझ्याच खात्यावर खेळू द्या. नवीन खात्यावर लेव्हल वन पासून कशाला बोअर व्हायचं.’ म्हणजे मी बसले ती खुर्ची त्याची, कॉम्प्युटरवरचं खातं त्याचं. लेव्हल ६४! आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला थेट सीनियर पोझिशनवर घेतलं.

आता गेममधलं अर्थशास्त्र समजून घ्या, कारण खरी गंमत तिथे आहे. सुरुवातीला तुमच्याकडे अगदी साधं सामान असतं. मिणमिणती टॉर्च, ईएमएफ मीटर, थर्मामीटर, भुताशी बोलायचा ‘स्पिरिट बॉक्स’. प्रत्येक कामगिरीचे पैसे आणि अनुभवाचे पॉइण्ट्स मिळतात. पॉइण्ट्सनी लेव्हल वाढते आणि लेव्हल वाढली की चांगलं सामान विकत घ्यायची परवानगी मिळते. परवानगी फक्त, पैसे तुमचेच. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कंपनीने ही सगळी पद्धत नव्याने बांधली. तेव्हापासून प्रत्येक वस्तू तीन दर्जांत येते. पहिल्या दर्जाच्या टॉर्चने पायापुरतं दिसतं, तिसऱ्या दर्जाच्या टॉर्चने खोली उजळते.

लेव्हल १०० ला पोचलात की ‘प्रेस्टिज’ घेता येतं. म्हणजे नावापुढे एक बिल्ला मिळतो आणि त्या बदल्यात लेव्हल पुन्हा एकवर. पैसे शून्य, सामान शून्य. ऑफिसातल्या काही प्रमोशन्सची आठवण आली का? मलाही आली.

आणि वरच्या डिफिकल्टीवर मेलात, तर बरोबर नेलेलं सामान गेलं.

हा शेवटचा नियम मला कुणीतरी आधी सांगायला हवा होता.

मी मेले!

लेव्हल ६४ आहे म्हटल्यावर पोरांनी थेट ‘नाइटमेअर’ लावलं. मी रुबाबात चौथ्याचं सगळं उत्तमोत्तम सामान उचललं आणि शेतघरात शिरले. गेममध्ये प्रत्येकाचं मनःस्वास्थ्य टक्क्यांत मोजतात. अंधारात उभं राहिलं की ते उतरत जातं आणि फार उतरलं की भूत शिकारीला निघतं. अशा वेळी दिवे विझवून गुपचूप कपाटात लपायचं असतं. मी काय केलं? टॉर्च लावून जिन्यात उभी राहून किंचाळले.

‘ताई, टॉर्च बंद कर! बंद कर गं! बोलू नको, त्याला ऐकू येतं!’

हे खरं आहे. गेम तुमचा माइक ऐकत असतो. मी त्यावर मोठ्यांदा विचारलं, ‘कुणाला ऐकू येतं?’ आणि मेले.

स्क्रीन काळी झाली. खालून मामी ओरडली, ‘काय झालं गं पोरी?’ काही नाही मामी, टॉर्च गेली, थर्मामीटर गेला, स्पिरिट बॉक्स गेला. सगळं तिसऱ्या दर्जाचं. सगळं दुसऱ्याचं.

मामेभाऊ काही बोलला नाही. फक्त म्हणाला, ‘उन्हाळाभर जमवलं होतं त्यानं.’

रात्री झोप लागली नाही. हसू नका. मित्राची बाइक मागून आणावी आणि पहिल्याच वळणावर आडवी करावी, अगदी तसं वाटत होतं.

खजिन्यात उतरताना

दुसऱ्या दिवशी सकाळी मामेभावाने बाइकवरून खजिना विहिरीला नेलं. बीड शहराबाहेर, शेतांच्या मध्ये, निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात सलाबतखानाने बांधलेली ही गोल विहीर. नावावरून वाटतं आत सोन्याच्या मोहरा असतील. आत आहे पाणी. विहिरीतून भुयारी पाट काढलेत आणि मोटारीशिवाय, नुसत्या उतारावर पाणी शेतांपर्यंत जातं. दुष्काळातही ती आटत नाही असं बीडकर छातीवर हात ठेवून सांगतात. ज्या जिल्ह्यात पाऊस दर दोन-चार वर्षांनी दगा देतो, तिथे विहिरीला खजिना म्हणणाऱ्या माणसाची अक्कल ठिकाणावर होती.

काठावर हळदकुंकू दिसलं. आसरांचं. पाण्याच्या सात बहिणी, विहिरी-डोहांत राहणाऱ्या. निघताना मामीने बजावलं होतंच, ‘ऐन दुपारी वाकून बघू नका.’ आपल्याकडे भुताखेतांची काय कमतरता! पिंपळावरचा मुंजा, रात्री रस्ता चुकवणारा चकवा, हडळ, वेताळ. गेममध्ये जपानी युरेई आहे, ओनी आहे, आयर्लंडची बॅन्शी आहे, जिनसुद्धा आहे. मुंजा मात्र अजून माझ्या वाटेला आलेला नाही. आलाच तर पुराव्यात सोडमुंज न झाल्याचा दाखला मागणार आहे मी.

बाय द वे, भुताखेतांतून खऱ्या आयुष्यातही पैसे मिळवायची सोय महाराष्ट्रात होती. २०२३ च्या जानेवारीत नागपूरला श्याम मानव यांच्या अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीने बागेश्वर धामच्या महाराजांना जाहीर आव्हान दिलं होतं, दिव्यशक्ती सिद्ध करा आणि ३० लाख घेऊन जा. रक्कम कुणी नेल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. उलट भूत उतरवायच्या नावाखाली एखाद्याला मारहाण केलीत, तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तुरुंगाची वाट आहे. तेव्हा भुतांचा धंदा करायचाच तर कॉम्प्युटरवर केलेला बरा.

तिथून कंकालेश्वराला गेलो. गावातच, पाण्याच्या मोठ्या चौकोनी कुंडाच्या मधोमध उभं असलेलं देखणं दगडी मंदिर. पायऱ्यांवर बसून भाजलेल्या शेंगा खाताना मी विचारलं, ‘येताना एवढ्या घरांना कुलपं का दिसली रे?’

मामेभावाने माझ्याकडे असं बघितलं की माझी मास कम्युनिकेशनची डिग्री तिथल्या तिथे परत करावीशी वाटली.

‘ताई, डिसेंबर हाय. लोकं तोडीला गेलेत की.’

मग त्याने सांगितलं. दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातून लाखो माणसं साखरपट्ट्यात उतरतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, नगर, कर्नाटकातही. राज्यातला ऊसतोडीला जाणारा सर्वांत मोठा लोंढा इथलाच. नवरा-बायकोच्या जोडीला म्हणतात ‘कोयता’. माणसं मोजायची नाहीत, कोयते मोजायचे. निघायच्या आधी मुकादम ‘उचल’ देतो, म्हणजे अ‍ॅडव्हान्स. मग मार्च-एप्रिलपर्यंत ऊस तोडून ती फेडायची. पैसे टनावर. २०२४ च्या जानेवारीत संप-वाटाघाटी होऊन तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, तरी एका कोयत्याचा दिवसभराचा हिशोब दोन टनांच्या आसपास जातो. आजारी पडलात, एक दिवस बसलात, की ‘खाडा’. मजुरी तर नाहीच, वर दंड कापला जातो. सीझन संपला आणि उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या वर्षावर.

माझ्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. लेव्हल, अ‍ॅडव्हान्स, सामान, दंड, पुन्हा एकपासून सुरुवात. काल रात्री मी हे सगळं फार हौसेने शिकले होते.

उचल फेडणं चालू आहे

शनिवारी संध्याकाळी मी जाहीर केलं, आज झोपणार नाही. चौथ्याचं सामान परत घ्यायचं.

पोरांनी मग शिस्तीत धंदा शिकवला. तुम्हालाही उपयोगी पडेल. मोठ्या शाळा-तुरुंगांच्या नादी लागायचं नाही. टॅंगलवूड नावाचं छोटं घर पुन्हापुन्हा घ्यायचं. चाळीस मिनिटांत एक मोठी कामगिरी करण्यापेक्षा दहा-दहा मिनिटांच्या चार छोट्या जास्त देतात. भूत ओळखून लगेच पळायचं नाही. यादीत आणखी तीन कामं दिलेली असतात, ती उरकायची. फोटो काढायचे. घरात कुठेतरी हाड पडलेलं असतं, ते शोधायचं. एकाने व्हॅनमध्ये बसून पडद्यावर सगळ्यांचं मनःस्वास्थ्य बघत राहायचं आणि वेळीच ‘बाहेर या’ म्हणायचं. डिफिकल्टी वाढवली की मोबदला वाढतो, पण अंगात नसेल तर वाढवायची नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, एकट्याने हिरो व्हायचं नाही.

नऊ वाजता सुरू केलं. साडेअकरापर्यंत टॉर्च परत आली. मध्ये एकदा खरोखरचीच लाइट गेली. गेममधलं भूत फ्यूज पाडतं तेव्हा तळघरात जाऊन खटका वर करायचा असतो. मामाच्या घरी इन्व्हर्टरची कळ जिन्याखाली आहे. मी जिन्यात पाऊल टाकायला तयार नव्हते. मामेभाऊ गेला.

‘उचल फेडायलीस तू ताई,’ तो हसत म्हणाला. आणि मग हसणं अर्धवट ठेवून स्क्रीनकडे बघत राहिला.

बारानंतर एकदा शेवटचं म्हणून पुन्हा नाइटमेअर घेतलं. तेच शेतघर. नाइटमेअरमध्ये तीनपैकी एक पुरावा लपवलेला असतो. आम्हाला दोन मिळाले, खोलीत गोठवणारी थंडी आणि दारावर बोटांचे ठसे. त्यावर चार प्रकारची भुतं बसत होती. चुकीचं लिहिलं तर पैसे बुडाले. वाद सुरू झाला. शेवटी मामेभावाने मोबाइल उचलला आणि स्पीकरवर लावला.

‘हां, बोल,’ पलीकडून आवाज. मागे ट्रॅक्टरची घरघर आणि कुठेतरी बैलांच्या घुंगरांचा आवाज.

‘कुठंयस?’

‘काट्यावर. टायरगाडी लायनीत हाय. पुढं वीसेक असतील. काय झालं?’

मामेभावाने सगळं सांगितलं. पलीकडे क्षणभर शांतता. मग अगदी डॉक्टरांनी विचारावं तसे प्रश्न आले.

‘शिकारीला आलं तवा कसं पळालं?’

‘लांबून एकदम सुसाट आलं. जवळ आल्यावर मंद झालं.’

‘फ्यूज चालू होता?’

‘व्हय.’

‘त्यानं स्वतःहून एकदा तरी फ्यूज पाडला का?’

आम्ही चौघांनी आठवून बघितलं. नाही. एकदाही नाही.

‘मग जिन हाय. ते लाइट कधी घालवत नाय. लाइट असली की त्याला पळता येतं. लिहा जिन अन् निघा.’

लिहिलं. निघालो. व्हॅनचं दार बंद झालं आणि पडद्यावर आलं, बरोबर. पैसे जमा.

सव्वाशे-दीडशे किलोमीटरवरून, कारखान्याच्या आवारात उसाच्या गाडीवर बसून त्याने आमचं भूत ओळखलं होतं. मी फोन घेतला. काल रात्रीचं सगळं कबूल केलं. सामान गेल्याचं, टॉर्च परत घेतल्याचं, थर्मामीटर अजून बाकी असल्याचं.

तो हसला. ‘असू द्या ताई. तिथली काय, टॉर्चच की.’ मग थांबून म्हणाला, ‘इथली टॉर्च बिघडलीय तेवढी. पहाटं चारला फडात जावं लागतं. बिबट्याची बोंब हाय इकडं. डोक्याला बांधायची मिळती बघा, तसली एक कुणासंगं पाठवता का? पैसे देतो.’

भीती वाटत नाही का, असं मी विचारलं. गेममधलं विचारत होते की फडातलं, माझं मलाच नक्की नव्हतं.

‘वाटती की,’ तो म्हणाला. ‘आई असती पुढं.’

लाइन पुढे सरकली असावी. फोन ठेवला.

रविवारी सकाळी सुभाष रोडवरून डोक्याला बांधायची चार्जिंगची टॉर्च घेतली. ३५० रुपये. त्याच्या गावातून एक गाडी सामान घेऊन टोळीकडे जाणार होती, तिच्यात ती मफलरसकट दिली. पैसे नकोत असं निक्षून सांगितलं. मग बसायला अजून तीन तास होते, तेवढ्यात माडीवर जाऊन थर्मामीटर आणि स्पिरिट बॉक्सही परत घेऊन टाकला. चौथ्याच्या खात्यावर लेव्हल ६५ झालीय. तो मार्चमध्ये परत आला की त्याची खुर्ची त्याला.

पुण्यात आल्यावर पुढच्या आठवड्यात, ऐन मीटिंगमध्ये मोबाइल वाजला. खात्यात ३५० रुपये जमा. खाली एका शब्दाचा मेसेज.

‘फिटली.’

जायचंय?

कसं जाल : पुण्याहून अहिल्यानगरमार्गे एसटीने साधारण दिवसाचा प्रवास. छत्रपती संभाजीनगरहून धुळे-सोलापूर हायवेने जवळ पडतं. रेल्वेची हौस असेल तर अहिल्यानगरहून बीड पॅसेंजर. वेळ बघून घ्या आणि पुस्तक बरोबर ठेवा.

काय बघाल : बीडमध्ये कंकालेश्वर, शहराबाहेर खजिना विहीर. पावसाळ्यात गेलात तर कपिलधार आणि सौताड्याचा धबधबा. एक दिवस जास्त असेल तर धारूरचा किल्ला आणि अंबाजोगाईत योगेश्वरी, मुकुंदराजांची समाधी आणि हत्तीखान्याची लेणी.

काय खाल : ज्वारीची भाकरी, येसर आमटी, ठेचा. सप्टेंबर ते नोव्हेंबरात गेलात तर बालाघाटची सीताफळं. पोटभर, लाज न बाळगता.

काय न्याल : एक चांगली टॉर्च.